राजाचं पथ्य, नत्थूभाऊंची धाव

बैलाच्या तोंडाला अंड्याचा वास येत होता. मी पुन्हा हुंगून पाहिलं. अंड्याचाच, आणि वर तुपाचाही.

"काय काय चारता याला?" मी विचारलं.

सकाळी तूप, दुपारी दूध-अंडी, संध्याकाळी बादलीत चहा. बैलाचे मालक नत्थूभाऊ यांनी हे अभिमानाने सांगितलं. शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या बैलाला आमच्या भंडाऱ्याकडे पोटच्या पोरापेक्षा जास्त जपतात. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी कारध्याजवळच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. पट तोंडावर आला होता आणि नत्थूभाऊंच्या जोडीतला राजा गोठ्यात ढिम्म बसून होता.

"ताकदीचं इंजेक्शन द्या, डॉक्टरसाहेब. व्याही येऊन राहिले पट पाहाले. राजा नाही धावला तर नाक कापलं जाईन माह्यं."

नाकाचा प्रश्न खरा होता. पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नत्थूभाऊ उभ्या उभ्या पेंगले होते. तेव्हापासून व्याही त्यांना 'झोपाळू पाव्हणे' म्हणत. घरातलं दूधतूप बैलाला घालून हा माणूस स्वतः चहा आणि खर्ऱ्यावर, म्हणजे तंबाखू-सुपारीवर जगत होता, पेंगणार नाही तर काय?

मी राजाच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून पाहिली. गुरांच्या पोटाचा पहिला कप्पा तिथे असतो, त्याला आम्ही रुमेन म्हणतो. चारा तिथे आंबतो, मग जनावर रवंथ करतं. तो कप्पा गवतासाठी असतो. तुपाने तो सुस्त पडला होता.

इंजेक्शन देत नाही म्हटल्यावर नत्थूभाऊंचा चेहरा पडला. मी पथ्य सांगितलं. तूप, अंडी, चहा बंद. तणस म्हणजे धानाचा पेंढा, हिरवा चारा, थोडी जवसाची ढेप म्हणजे पेंड, मीठ, भरपूर पाणी. पहाटे नदीपर्यंत फिरवायचं, कोवळं ऊन द्यायचं, संध्याकाळी लवकर निजू द्यायचं.

त्यांची बायको भागरताबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिने नवऱ्याकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, हेच यायले चालते का?"

"ढेपेऐवजी जवसाची चटणी द्या," मी म्हणालो. "बाकी चालेल."

मी थट्टेत बोललो होतो. बाईंनी खर्रा त्याच दिवशी चुलीत टाकला. सकाळी पेज, जेवणात पालेभाजी आणि चटणी, अंधार पडला की बैल आणि नवरा दोघेही आडवे. राजाला फिरवायला नवराच जायचा, खिशात भिजवलेले चणे घेऊन. सुरुवातीला नत्थूभाऊ मला पाहून तोंड फिरवत. मग हसू लागले. एकदा तर मी सायकलवर असताना मला मागे टाकून गेले.

पटाच्या दिवशी राजाची जोडी अशी सुटली की माझीच छाती फुगली. शेजारची जोडी पार मागे पडली. आणि मैदानाच्या कडेच्या आंब्यापाशी राजा थांबला. जोडीदारही थांबला. धुरकरी, म्हणजे छकड्यावरचा गडी, ओरडून थकला. राजा मान वळवून झाडाखाली कोणाला तरी शोधत होता.

मला काही कळेना. नत्थूभाऊंना मात्र लगेच कळलं. रोजच्या फेरीत ते ह्याच आंब्याखाली बसून चणे खात आणि मूठभर राजालाही देत. ते शेवटच्या निशाणापाशी उभे होते, तिथून धोतर खोचून उलट दिशेने धावत आले, राजाला चणे दाखवले आणि तसेच निशाणाकडे पळत सुटले. राजा त्यांच्या मागे. तोवर दुसरी जोडी जिंकून मोकळी झाली होती. पण लोक नत्थूभाऊंनाच पाहत होते. ते राजाच्या आधी पोचले.

व्याही उठून त्यांच्याकडे निघाले. मी घाबरलो. ह्या माणसाची अब्रू माझ्या पथ्याने घालवली होती.

"पाव्हणे," व्याही म्हणाले, "पुढच्या साली बैल घरीच ठेवा. तुमीच धावा."

सगळे हसले. नत्थूभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि त्यांना धापही लागली नव्हती. 'झोपाळू' हा शब्द व्याह्यांनी परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांग लागली, माणसांची. नेमके तेव्हाच आमचे साहेब तपासणीला आले. जनावरं कुठे आहेत, म्हणून गरजले.

"जनावर घरी बरं हाये, साहेब," रांगेतला म्हातारा म्हणाला. "सुस्ती मले येऊन राहिली."

साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. जीपमध्ये बसताना मला जवळ बोलावून हळूच जवसाच्या चटणीचंही विचारलं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, पटाच्या बैलाला पथ्य सांगताना मी मालकाला एक प्रश्न जास्तीचा विचारत असे. फिरायला नेता, तेव्हा थांबता कुठे?