बोळातल्या गांधीलमाश्यांचा तपास

आमच्या घरात मधमाश्या माझी बायको पाळते. मला पाळायचा नाद तिनं केव्हाच सोडला.

पालमजवळच्या आमच्या गावात, घरामागच्या परसात सुमनच्या चार मधपेट्या आहेत. एसटीतली कंडक्टरकी संपवून मी घरी बसलो, तेव्हा "तुमी तर बसलाच, आता मीच काईतरी करते" म्हणून तिनं हा धंदा सुरू केला. माझ्याकडं बरण्यांवर कागद चिकटवायचं खातं (तेही तिरके चिकटतात). यंदा तूर फुलावर आली, पेट्या जड व्हायला लागल्या आणि नेमक्या तेव्हाच गांधीलमाश्या टपकल्या. चांगल्या दांडग्या, तांबड्या-पिवळ्या! उद्योग एकच: पेटीच्या दारात घिरट्या घालायच्या आणि बाहेर येईल ती मधमाशी उचलून न्यायची.

"आवं, उठा की! माझ्या माशा न्यायल्यात!" सुमन रडकुंडीला आली. "असंच चाललं तर उरलेल्या पेट्या सोडून पळतील. सालभराची मेहनत हाय माझी!"

सुमन सहसा रडत नाही. मी रिटायर झालो त्या दिवशीही रडली नव्हती (खरं तर तेव्हा कारण होतं). तिचे डोळे भरलेले बघून मी ताडकन उठलो. मी डास मारायची बॅट उचलली आणि पेट्यांपुढं उभा राहिलो. चट्! चट्! चट्! काय हात बसला होता!

सुमननं वाकून मेलेल्या माश्या बघितल्या. "ह्या माझ्या हायत," ती म्हणाली आणि बॅट काढून घेतली. "मारू नका. पोळं कुठं हाय ते हुडका. पोळं गेलं की त्या गेल्या."

हुडकणं हा माझा प्रांत! विनातिकीट माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. मी गांधीलमाश्यांवर नजर ठेवली. शिकार घेऊन त्या सरळ आमच्या आणि शेजारच्या भाऊरावच्या घरामधल्या बोळात वळायच्या. बोळाच्या एका अंगाला माझ्या खोलीची खिडकी, दुसऱ्या अंगाला भाऊरावनं सरपणासाठी रचलेला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. खिडकीच्या आत कोण राहतं? मी. म्हणजे गुन्हेगार भाऊराव!

"कंडक्टर, येडे झालाव का?" भाऊराव ओरडला. "माझ्या पऱ्हाट्यात काई न्हाई!"

"तपासणीला भिणारा माणूस मी लय बघितलाय, भाऊराव."

भाऊरावला ते झोंबलं. "मग उचका! पण परत रचायच्या तुमीच!"

ऑक्टोबरच्या भर दुपारी मी रेनकोट घातला, डोक्यावर सुमनची जाळीची टोपी चढवली आणि तो डोंगर उपसायला घेतला. बघायला निम्मी गल्ली जमली. ढीग जमिनीला लागला तेव्हा आत सापडले एक सरडा आणि भाऊरावचा हरवलेला विळा. भाऊराव विळ्याकडं बघत होता, मी भाऊरावकडं. पऱ्हाट्या परत रचेपर्यंत मी रेनकोटात शिजून निघालो.

भरपाई म्हणून भाऊरावला खोलीत चहाला बोलावलं. रेनकोट आणि टोपी काढून त्याच्याच शेजारी ठेवली. अंगाची लाही होत होती.

"थांबा, जरा गार वाटू द्या," म्हणून मी खिडकीतला कूलर लावला. पावसाळा लागल्यापासून तो बंदच होता.

कूलर खरखरला. मग वाऱ्याबरोबर कागदासारखा काहीतरी करडा भुगा आला आणि चहात पडला.

"हे काय म्हणायचं?" भाऊरावनं बोटानं तुकडा काढला.

उत्तर त्याच्या मागोमाग आलं. गुणगुणत! पंख्यातून वाचलेल्या सगळ्या गांधीलमाश्या एकदम खोलीत! भाऊरावनं डोळ्याचं पातं लवायच्या आत माझा रेनकोट अंगात आणि टोपी डोक्यात घातली. मग माझं टक्कल तेवढं उरलं.

मी अंगण ओलांडून पळालो. मागून भाऊराव जाळीतून ओरडत होता, "कंडक्टर, ह्यांचा स्टँड तर तुमच्याच खिडकीत हाय की वो!"

दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन परत आलो, तेव्हा एक डोळा मिटलेला आणि कान पुरीसारखा टम्म. तोवर सुमननं कूलर ताडपत्रीत बांधून, धूर देऊन पोळं संपवलंही होतं. तिनं माझ्या टकलावर बर्फ धरला. रागावेल म्हणून मी डोळा (होता तो) खाली घातला.

"एक बी पेटी गेली न्हाई," ती म्हणाली आणि चक्क हसली. मला इतकं बरं वाटलं की ठणका विसरलो.

चुकार गांधीलमाश्या अजून चार-दोन येतात. पण त्यांनी मला ओळखलंय, मी दिसलो की मधमाश्या सोडून माझ्याकडं वळतात. सुमननं पेट्यांशेजारी खुर्ची टाकून दिली आहे. रिटायर माणसानं कुणाच्या तरी उपयोगी पडावं. मी रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. टोपी काढून!