ताटली रोज रिकामी होत होती

बुधवार, १० मार्च १९९९. डॉक्टरांची फी आणि औषधं मिळून पंचेचाळीस रुपये. हजर: मी, माझी बायको, शेजारचे आप्पा, जनावरांचे डॉक्टर आणि वडगाव रासाईचे मामा. शिवाय आमचा कुत्रा, ज्याचा त्या दिवशी निकाल लागायचा होता.

आम्ही तेव्हा मांडवगण फराट्याला राहत होतो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी होऊन आली की पुन्हा तोलायची आणि फरक लिहायचा. आत ऊस कसा आहे हे बघणं माझं काम नव्हतं. अकरा वर्षं हेच केलं की माणूस घरीही तसाच वागतो.

कुत्रा तीन वर्षांपूर्वी मामांकडून आणला होता. मामा नात्यातले नव्हेत, त्यांना सगळेच मामा म्हणत. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. मामांनी शेती धरली, पण मेंढरांमागची कुत्री मात्र सोडली नाहीत. पिल्लू घेताना मी पन्नास रुपये पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला.

“कुत्रं इकत न्हाई आमी. येताजाता ह्याच्या आईला भाकर टाका, झालं.”

मी हो म्हणालो. पुढच्या तीन वर्षांत वडगावला अनेकदा गेलो, पण एकदाही भाकरी नेली नाही.

कुत्र्याचं खाणं मी नेमून दिलं होतं. सकाळी आणि संध्याकाळी बाजरीची दीड-दीड भाकरी दुधात, रविवारी एक अंडं. जेवणानंतर उसाचं वीतभर कांडं. आमच्याकडे सगळ्यांनी लहानपणापासून दातांनीच ऊस सोललेला. ऊस चावला की दात साफ राहतात, हिरड्या घट्ट होतात, यावर कुणी वाद घालत नाही. माणसाला चालतं ते कुत्र्याला का चालू नये? तोही कांडं पुढच्या दोन पायांत धरून मजेत चावायचा. ताटली मी घरच्या तराजूवर तोलून ठेवायचो आणि कामाला निघताना पुन्हा तोलून फरक वहीत लिहायचो.

“कुत्र्याची पण पावती फाडणार का?” बायको म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटी तीच म्हणाली, “अहो, याच्या तोंडाला वास मारतोय. खातही नाहीये धड.”

मी तिला वही दाखवली. “ताटली रोज रिकामी आहे. मग भाकरी जाते कुठं?”

ती भाकरी मऊ करून हाताने त्याच्या तोंडात घालू लागली. तिच्या बोटाला विळीचा काप होता, तो मला तेव्हा दिसलाही नाही.

त्या बुधवारी सकाळी कुत्र्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, तिच्यात रक्ताचा धागा. पंजाने तो स्वतःचंच तोंड ओरबाडत होता. जवळ गेलं की गुरगुरायचा. आप्पांनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि तिथेच थांबले.

“भाऊसाहेब, पिसाळलंय ते. वस्तीवर बारकी पोरं हायती. सांजपातूर काय त्यो निकाल लावा, न्हाईतर आमी लावू.”

“त्याला लस दिलीय, आप्पा. सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. हे बघा कार्ड.”

“कार्ड कुत्र्याला वाचता येतंय व्हय?”

बायकोने बोट पदरात झाकलं, तेव्हा मला तो काप दिसला. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांचा हिशेब डोक्यात सुरू झाला आणि तिथेच थांबला. तिला साबणाने हात खळखळून धुवायला सांगितलं आणि कुत्र्याला साखळीने बांधलं. डॉक्टर बुधवारी गावात यायचेच, त्यांना निरोप धाडला. सवयीने ताटलीही ठेवली. कुत्र्याने दूध चाटलं, भाकरी हुंगली आणि तो मागे सरला. लगेच आप्पांच्या चार कोंबड्या आल्या आणि त्यांनी ताटली साफ केली. मी पाहतच राहिलो. वहीतले आकडे सगळे खरे होते. फक्त भाकरी कोंबड्या खात होत्या.

कुत्र्याला धरू शकेल असा एकच माणूस माहीत होता. स्कूटरवरून मामांना घेऊन आलो. वाटेत त्यांनी विचारलं, “खायला काय घालताय?”

मी मापासकट सांगितलं. उसापाशी मामा हसायला लागले, मागे बसून डुलायला लागले. “कुत्र्याला ऊस! त्याच्या पोटात गुऱ्हाळ काढायचंय का काय?”

डॉक्टरांनी कार्ड नीट वाचलं. “लस वेळेवर दिलीय, ही चांगली गोष्ट. तरी खात्री धरायची नाही. हातमोज्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही.” मामांनाही त्यांनी हातमोजे घालायला लावले. मामांनी मागून घोंगडी टाकून मान धरली आणि मेंढराशी बोलतात तसं हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. डॉक्टरांनी दोरीच्या फासाने वरचा जबडा उचलला, बॅटरी मारली.

“हे बघा.”

उसाच्या सालीचा टणक तुकडा टाळूला आडवा बसला होता, दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये पाचरीसारखा. खाली टाळू सोललेली. दाढांवर पिवळं-काळं कीट दगडासारखं साचलेलं, आणि एक दाढ पुवाने हलत होती. चिमट्याने साल निघाली, भूल देऊन दाढ काढली. डॉक्टर म्हणाले, “पिसाळल्यासारखं दिसत होतं ते यामुळेच. पण दहा दिवस बांधून ठेवा, नजर ठेवा; तेवढ्यात धडधाकट राहिला तर पिसाळलेला नाही हे नक्की. ऊस बंद, गोड बंद, शिजवलेली हाडं बंद. जखम भरली की रोज ओलं सुती फडकं बोटाला गुंडाळून दात पुसायचे.”

“त्यापरीस मिश्री लावा की,” आप्पा आता कुंपणाच्या अलीकडे आले होते.

“तंबाखूची मिश्री लावली तर मात्र खरंच मरेल,” डॉक्टर म्हणाले.

माझं चुकलं कुठे, यावर मी त्या दहा दिवसांत बराच विचार केला. काळजी कमी नव्हती. पण मी ताटलीत पाहत होतो आणि बायको त्याच्या तोंडाकडे. वास तिलाच आला, कारण ती जवळ बसत होती. दहाव्या दिवशी कुत्र्याने कुस्करलेली दीड भाकरी खाल्ली. मी शेजारी बसून ती पाहिली, तोलली नाही. पुढे रोज त्याचे दात मीच पुसले.

त्या बुधवारी मामा निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, “तुमचं काय द्यायचं?”

“माझं काय न्हाई. त्याच्या आईचं ऱ्हायलंय.”

त्यामुळे अकराव्या दिवशी बायकोने थापलेल्या दोन भाकऱ्या घेऊन मी वडगावला गेलो. कुत्री म्हातारी झाली होती, दात झिजून हिरड्यांशी आलेले. तिने भाकरी हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. मामांच्या घरून दूध मागून घेतलं, भाकरी कुस्करली आणि ती खात असेपर्यंत तिथेच बसलो. मामांच्या कोंबड्या जवळ आल्या, तेव्हा उठून हाकलल्या.

शेवटी दिलं ते इतकंच: डॉक्टरांना पंचेचाळीस रुपये, आणि कुत्र्याच्या आईला दोन भाकऱ्या, दुधात कुस्करून.