साडेनऊ मीटर

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. फोन किनवटजवळच्या आश्रमशाळेतून होता, वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा. त्या म्हणाल्या, "ताई, बाईंनी सकाळी हजेरी घेतली, पोरींना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या अन् जरा पडते म्हणून खोलीत गेल्या…" पुढचं त्यांना बोलवेना आणि मलाही ते ऐकायची गरज नव्हती. मी फोन ठेवला आणि सूपभर ज्वारी निवडून संपवली. आता या गोष्टीला पाच आठवडे झाले. विमल निवृत्तीला आली होती, थोडंच राहिलं होतं. तिच्याबद्दल लिहायचं तर ती किती चांगली होती, पोरींवर किती जीव लावायची, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही असं मी चाळीस वर्षं समजत होते.

आम्ही दोघी लातूर जिल्ह्यातल्या, नांदेडच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावातल्या. जिल्हा तेव्हा नवाच होता. आमच्या कन्याशाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून त्यावर 'जि. लातूर' रंगवलं होतं, पण उन्हात पाहिलं की खालची जुनी अक्षरं दिसायची. माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत कारकून. आमची थोडी शेती होती. विमलचं घर बौद्धवाड्यात. तिला वडील नव्हते, आई पाझर तलावाच्या कामावर जायची. रोजगार हमीची ती कामं दुष्काळामुळं गावोगाव निघाली होती. विमलसुद्धा रविवारी आणि सुट्टीत आईबरोबर माती उचलायला जायची. शाळेत मात्र कबड्डीत तिचा हात धरणारी कोणी नव्हती. मी म्हणजे संघ पाडताना सगळ्यांत शेवटी उरणारी. "सुमी तुमच्याकडं घ्या," "न्हाई, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," असं माझ्या तोंडावर चालायचं आणि मी हसून घ्यायची. बाकीच्या सगळ्या विषयांत मी पहिली होते, पण मैदानात त्याला कोण विचारतो.

आम्ही दहावीला होतो त्या वर्षी तहसीलनं शाळेच्या मैदानात जनावरांची चारा छावणी घातली. गावात दुसरी मोकळी जागा नव्हती. बल्ल्या रोवल्या, दोर ताणले, आणि मैदानाचा एक कोपरा तेवढा आमच्या वाट्याला आला. पी.टी.च्या सरांनी त्या कोपऱ्यात बसेल तसं कबड्डीचं मैदान चुन्यानं आखून दिलं आणि ते स्वतः छावणीच्या ड्यूटीवर गेले, जनावरांची नोंद ठेवायला. हेडमास्तरांनी जाहीर केलं की यंदा शारीरिक शिक्षणाची प्रात्यक्षिक परीक्षा होणार नाही, श्रेणी लेखी पेपरावरच द्यायची. पोरी खूश झाल्या. विमलचा चेहरा मात्र उतरला. नांदेडच्या एका वसतिगृहात खेळाडू मुलींसाठी एक जागा होती. राहणं, जेवण, कॉलेज सगळं त्यात होतं, पण त्यासाठी या विषयात 'अ' श्रेणी आणि शाळेची शिफारस लागायची. ती जागा मिळाली तर विमल शिकणार होती, नाहीतर तलावाचं काम होतंच. प्रात्यक्षिक असतं तर तिला कोणी अडवू शकलं नसतं.

सर जाता जाता तिला म्हणाले होते, "विमल, तू पोरींची उजळणी घे." तिनं ते मनावर घेतलं. या विषयाचं पुस्तक शाळेत एकच होतं, ऑफिसच्या कपाटात, आणि त्याची चावी कोणाकडं असते हे विचारायचंही आमच्या डोक्यात आलं नाही. विमलनं आईची दोरी आणली. तलावाच्या कामावर मुकादम खड्ड्याचं माप घ्यायचा आणि वहीत लिहायचा. ते नेहमी कमीच भरायचं. म्हणून बायकांनी मीटरामीटरावर गाठी मारून आपापल्या दोऱ्या केल्या होत्या, आणि त्या आपला खड्डा आपण मोजून मग मुकादमाशी भांडायच्या. विमलनं त्याच दोरीनं आमचं मैदान मोजलं. मी विचारलं, "अगं, पण पुस्तकात बघायला नको का?" ती म्हणाली, "वहीत काय बी लिवत्यात, सुमे. आमच्या आईला इचार. दोरीनं मोजलं की मोजलं."

मग रोज सकाळी शाळा भरायच्या आधी उजळणी. एका बाजूला जनावरं हंबरताहेत, शेणाचा वास सुटलाय, आणि विमल मधल्या रेघेवर उभी. ती ओरडायची, "लांबी?" आम्ही एका टोकापासून पळत जाऊन दुसऱ्या टोकाला पाय आपटायचो, "साडेनऊ!" "रुंदी?" "आठ!" "अर्धं मैदान?" "पावणेपाच!" "क्षेत्रफळ?" "शहात्तर!" पाठ करायचं ते पायांनी करायचं, हे तिचं तंत्र होतं आणि ते लागू पडलं. ज्या पोरींना पाढे येत नव्हते त्यांनाही शहात्तर झोपेत विचारलं तरी आलं असतं. ती आणखीही कितीतरी शिकवायची, श्वास कसा धरायचा, पाय मुरगळला तर काय करायचं… आणि ते सगळं बरोबर होतं.

पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या पिशवीत मला ते पुस्तक दिसलं. प्रश्नपत्रिका छापायला स्टेन्सिल कापायचं म्हणून त्यांनी ते घरी आणलं होतं. प्रश्नपत्रिका मी पाहिली नाही, तेवढं मी शपथेवर सांगेन. पुस्तक मात्र उघडलं. मुलींच्या कबड्डीचं मैदान, लांबी अकरा मीटर, रुंदी आठ मीटर. मी दोनदा वाचलं. आमचं मैदान कोपऱ्यात बसवायचं म्हणून आखूड केलं होतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. विमलचं घर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. दिवस मावळायचा होता, मी जाऊ शकत होते. मी गेले नाही.

का गेले नाही? पुस्तक ऑफिसचं, ते घरी आणल्याचं कळलं तर अण्णांवर बालंट येईल, असं कारण मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते मी नंतर शोधलेलं आहे. खरं कारण असं की त्या एका विषयात, त्या एका पेपरात तरी मला विमलच्या पुढं जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपराआधी शेवटची उजळणी झाली. विमल ओरडली, "लांबी?" आणि सगळ्यांबरोबर मीही टोकापर्यंत पळत जाऊन ओरडले, "साडेनऊ!" या ओरडण्याची मला आजही लाज वाटते. नुसती गप्प राहिले असते तर त्यापेक्षा बरं झालं असतं. पेपरात मी लिहिलं, अकरा, साडेपाच, अठ्ठ्याऐंशी.

त्याच आठवड्यात नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. साहेबही नवे, ऑफिसही नवं, त्यामुळं उत्साह दांडगा. त्यांनी आमच्या पेपरांचा गठ्ठा उघडला आणि हेडमास्तरांना विचारलं, "सव्वीस मुलींची चूक एकसारखी कशी? शहात्तर?" आम्हाला ओळीनं उभं केलं. कॉपी केल्याचं कबूल करा म्हणाले. तशी विमल पुढं झाली.

"सायेब, कॉपी न्हाई. चला, मोजून दाखवते."

साहेब बाहेर आले, हे त्यांचं मोठेपण. शिपायानं दोरीचं एक टोक धरलं, दुसरं विमलनं. एकेक गाठ मोजत साहेब स्वतः चालले. साडेनऊ भरलं. त्यांनी छावणीच्या बल्ल्यांकडं पाहिलं, चुन्याच्या रेघेकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं, कॉपी नाही. पण पोरी, पुस्तकात अकरा आहे. उत्तर चूक ते चूकच."

विमल म्हणाली, "मग पुस्तक आमाला कुनी दाखिवलं?"

साहेबांनी हेडमास्तरांकडं पाहिलं, हेडमास्तरांनी अण्णांकडं, आणि अण्णा आपल्या चपलांकडं बघत राहिले. मी ओळीत मागं मूग गिळून उभी होते. तीन प्रश्नांचे गुण गेले. विमलला 'ब' मिळाला, मला 'अ'. नांदेडची जागा त्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या मुलीला गेली.

पेपर हातात मिळाले त्या दिवशी घरी जाताना विमलनं विचारलं, "सुमे, तू अकरा कसं लिवलंस?"

"अंदाजानं," मी म्हणाले.

"तुझा अंदाज लई नेमका हाय गं," ती म्हणाली, आणि पुढं आम्ही बाजाराबद्दल की कशाबद्दल तरी बोलत घरी गेलो.

अण्णांनी मला नांदेडच्या कॉलेजात घातलं आणि पुढं मी तिथंच राहिले. विमल वर्षभर तलावावर माती वाहत होती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, आईनं तिला नांदेडला मावशीकडं धाडलं आणि ती शिकली, पी.टी.ची बाई झाली, किनवटच्या जंगलातल्या त्या शाळेत लागली आणि तिथंच राहिली. लोक म्हणतात, एका वर्षानं काय बिघडलं. डोक्यावर मातीची पाटी घेऊन त्यांनी वर्ष काढलं असतं तर असं म्हणाले नसते. आमची मैत्री तुटली नाही. महिन्यातून एखादा शनिवार ती रेल्वेनं नांदेडला यायची, माझ्याकडं जेवायची, फरशीवर उताणी झोपायची आणि माझ्या सुनेला पाठदुखीचे व्यायाम शिकवायची. तिला सांगून टाकायचं मी तीनदा ठरवलं. एकदा बोललेही, "विमल, तो दहावीचा पी.टी.चा पेपर…" ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव, लई जुनं झालं ते. ही जुडी घे, अजून तशीच पडून हाय." मला वाटलं, ती विसरली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

गेल्या आठवड्यात शाळेनं शोकसभा ठेवली, म्हणून किनवटला गेले. भाषणं झाली. नंतर अधीक्षिका म्हणाल्या, "सोमवारी पोरींची शारीरिक शिक्षणाची परीक्षा हाय ताई, उजळणी करून राहिल्यात. चला, बघा." मागच्या मैदानावर पंधरा-वीस मुली होत्या. कबड्डीचं मैदान आखलेलं, दोघी टेप धरून उभ्या. एक मुलगी मधल्या रेघेवर पुस्तक उघडून उभी होती आणि खड्या आवाजात वाचत होती. वाचून झालं की तिनं पुस्तक दुसरीच्या हातात द्यायचं, मग ती मधल्या रेघेवर. मी विचारलं, "असं का गं? ज्याचं त्यानं वाचावं की."

"न्हाई, बाईंचा नियम हाय," ती म्हणाली. "मापं एकट्यानं वाचायची न्हाईत. ज्याच्या हाती पुस्तक त्यानं मधी उभं ऱ्हायचं अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं. बाई म्हनायच्या, एकीला ठावं असतंय अन् ती बोलत न्हाई, मग बाकीच्यांचं वर्ष जातंय."

किती वर्षांपासून हा नियम आहे, मी विचारलं. अधीक्षिका म्हणाल्या, "मी इथं लागले तेव्हापासून बघतेय, माझ्याआधीपासूनचा असेल."

"तुमी बाईंच्या मैत्रीण ना?" त्या मुलीनं विचारलं. "मावशी, तुमी वाचता का?"

तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. पोरींनी मला जागा करून दिली. मी चष्मा लावला, मधल्या रेघेवर उभी राहिले आणि वाचलं, "मुलींच्या मैदानाची लांबी, अकरा मीटर."

टेप धरून लांब उभी असलेली पोरगी ओरडली, "ऐकू आलं न्हाई, मावशी. मोठ्यानं वाचा."

मी पुन्हा वाचलं.