अरादच्या हॉलमधला फोटो

नवरा गेला तेव्हा मला रडू आलं नाही. इथे आखातात, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये कामावरच तो कोसळला. मी मनामाला बँकेत होते. पुण्याला नेऊन सगळं केलं आणि रजा संपताच परत कामावर रुजू झाले. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं. फक्त डावा खांदा आखडला होता.

त्याच सुमारास माझी चौदा वर्षांची मुलगी पुलापलीकडे अरादला काठी शिकायला जाऊ लागली. शिकवणारी न्यूझीलंडची माओरी बाई होती, साठीची, पेशानं फिजिओथेरपिस्ट. तिकडे तिच्या गावी तिचे मामा एक छोटी संस्था चालवत. काठीच्या लढाईचे जुने डाव आणि अंग चोळून, पाल्याचे लेप लावून बरं करायची विद्या, दोन्ही विसरली जाऊ नये म्हणून. इथली तिची शाखा म्हणजे एक भाड्याचा हॉल आणि शनिवारी येणारी मोजकी माणसं.

मी बाहेर गाडीत एसी लावून बसायची. एकदा तिनं काच ठोठावली.

"खांदा असा का धरून ठेवलायस? आत ये."

चटईवर झोपवून ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि कोपरानं खांदा दाबू लागली. जीव जाईल असं दुखलं.

"इथे लोक रडतात," ती म्हणाली.

"मला नाही येत."

"बरं," म्हणाली आणि दाबत राहिली.

हळूहळू हात वर जाऊ लागला, केस बांधता येऊ लागले. आत मात्र तसंच, बधिर.

मग एका शनिवारी हॉलमध्ये खुर्चीवर एका म्हाताऱ्याचा फोटो दिसला, भोवती हिरवी पानं. मामा वारले होते. ती पोचेपर्यंत दफन होऊन गेलं असतं, म्हणून इथेच बसली होती. आम्ही जमल्यावर ती काठी घेऊन फोटोसमोर उभी राहिली आणि चक्क भांडायला लागली. आधी तिच्या भाषेत, मग आम्हाला कळावं म्हणून इंग्रजीत.

"मामा, एवढी काय घाई होती? अर्धे डाव शिकवायचे राहिलेत. आता मी कुणाला विचारू?"

नाकडोळे वाहत होते, पुसतही नव्हती. मग एकेकजण उठून फोटोशी बोललं. माझी मुलगीही उठली.

"प्लीज टेल माय बाबा," ती म्हणाली, "आय डोन्ट ड्रॉप द स्टिक एनीमोर."

मी जमिनीकडे बघत राहिले. बाई शेजारी येऊन बसली.

"तू बोललीस तुझ्या माणसाशी?"

"तो गेलाय."

"म्हणून तर विचारते."

शेवटी तिच्याकडच्या रीतीप्रमाणे दारात सगळ्यांनी पाण्यानं हात धुतले, मग एकत्र जेवलो. मी पोहे नेले होते, ते संपले.

परतताना पुलावर, गाडी चालवता चालवता, मी मोठ्यानं म्हटलं, "अरे, तुझे शर्ट अजून कपाटातच आहेत. काय करू त्यांचं?"

स्वतःचाच आवाज परका वाटला. मुलीनं रेडिओ बंद केला.

"निळा मी ठेवू?" तिनं विचारलं. मराठीत.

"ठेव," मी म्हटलं. रडू तेव्हाही आलं नाही. पण घरी पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. पाण्याच्या मोटरबद्दल, तिच्या गणिताबद्दल, असंच काहीबाही.