पितळेच्या ढालीमागचा राउटर

आमचं बाळकुमचं घर तीन मजली आहे म्हटलं की ऐकणाऱ्याला बंगला दिसू लागतो. प्रत्यक्षात त्या एकावर एक रचलेल्या खोल्या आहेत. तळमजल्यावर बायकोची पेटी. तिथे बसून ती ऑनलाइन गाणं शिकवते. वर हॉल, आणि हॉलच्या शोकेसमध्ये राउटर.

गेल्या वर्षी तिचा आवाज तुटायला लागला. गळा ठणठणीत होता. शिकणाऱ्या मुलींपर्यंत पोहोचेपर्यंत स्वरांचे तुकडे होत. डोंबिवलीच्या एका मुलीच्या आईचा फोन आला. "बाई, राग नका मानू, पण हिला काही ऐकूच येत नाही. आम्ही इथेच जवळ क्लास बघतो."

फोन ठेवून बायको पेटीवर हात ठेवून बसून राहिली. बाकीच्याही जातील, हे ती बोलली नाही. बोललो मी. स्लॅब, त्यातल्या सळ्या, लहरींचं शास्त्र असं एक छोटं व्याख्यान दिलं. मग जिन्याच्या वळणावर वाय-फाय खालपर्यंत पोहोचवणारा एक्स्टेंडरचा डबा लावला. फरक पडेना, म्हणून त्याच्या खाली आणखी एक. शेवटी बिल्डरला नावं ठेवून मोकळा झालो.

एका रविवारी मी शोकेस पुसत होतो. हे काम मी कुणाला देत नाही. आत माझी स्मृतिचिन्हं आहेत: पितळेची ढाल, स्टीलचा दीपस्तंभ, असलंच बरंच काही. सत्कारांची मी भाषणांत यथेच्छ टिंगल करतो, आणि त्या टिंगलीबद्दल शेवटी स्मृतिचिन्ह मिळतं. राउटरचा काळा डबा तिथे शोभेना, म्हणून मीच तो ढालीमागे सरकवला होता.

बायको मोबाइल घेऊन वर आली. "अहो, ती ढाल जरा बाजूला घ्या."

घेतली. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नेटवर्कच्या सगळ्या रेघा भरल्या होत्या.

"जिन्यात कितीही डबे लावा. मूळ डबाच पितळेत कोंडलाय, तो त्यांना काय देणार?"

"तुला माहीत होतं? मग आधी बोलायचंस ना!"

"कसं बोलणार? पुसताना चेहरा बघते ना तुमचा."

तिचे वर्ग एकेक करून हातचे जात होते, आणि ती माझा चेहरा सांभाळत होती. मी फडक्याची घडी करत राहिलो.

स्मृतिचिन्हं आता खोक्यात, माळ्यावर. राउटर शोकेसवर उघडा उभा आहे. खाली स्वर सलग लागतात. डोंबिवलीची मुलगी परत आली नाही.

परवा एक स्नेही आले. रिकामी शोकेस त्यांनी पाहिली न पाहिली, तोच मी म्हणालो, "वाय-फायसाठी सगळं काढून टाकलं हो. ढाली, चिन्हं, बरंच होतं." किती होतं, तेही सांगायला लागलो.

खालून पेटी थांबली. "अहो, हळू बोला! मुलींना सगळं ऐकू जातंय."