नवव्या रिळातली मशक

"आयकून त पाहा, मंग बोला." हे आमच्या गावातल्या मशकवाल्या काकांचं नेहमीचं वाक्य. कुणी थट्टा केली की एवढंच म्हणायचे, आणि म्हणताना डावा कोपर बरगडीशी दाबायचे. बगलेत काही नसलं तरी दाबायचे. वर्षानुवर्षं तिथं मशक धरलेली, म्हणून कोपराला ती खोड जडली होती. मी लाखनीच्या टॉकीजमधला ऑपरेटर. मशीनघराच्या जिन्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवणं हा माझा जोडधंदा. ते समोरून आले की मीही कोपर दाबून दाखवायचो. ते हसायचे. मला त्यांनी एकदा तरी झापायला हवं होतं, असं आता वाटतं.

मशक तुमच्यापैकी कुणी वरातीत पाहिली असेल. कातड्याची पिशवी, तोंडानं हवा भरायची एक नळी, बोटं फिरवायची दुसरी, आणि खांद्यावर उभ्या तीन लांब नळ्या. कोपरानं पिशवी दाबत राहायची म्हणजे त्या तीन नळ्या एकच सूर धरून बसतात आणि त्याच्यावर धून चालते. काका पलटणीत असताना हे वाजवायला शिकले. मूळ वाद्य स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं.

"थिथले माणसं घाघरा घालून वाजवते," काका सांगायचे.

"तुमी बी घातला होता का?"

"परेडले घातला ना! फोटो धाडला घरी, त तुह्या काकूनं थो भिंतीकडं तोंड करून ठेवला."

पलटणीतून ते परत आले आणि आमच्या गावच्या बँडमध्ये लागले. पुढं ढोल, ट्रम्पेट, आणि मागं काका एकटे, मान ताठ. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मात्र ते सगळ्यांच्या पुढं असत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. हायवेवर मिरवणूक आली की ट्रकवाले इंजिन बंद करून ऐकायचे. पंजाबी ड्रायव्हर, मद्रासी क्लीनर, सगळे. मला स्वतःला त्या आवाजानं कसंतरीच व्हायचं. लग्नाचं गाणं वाजवत असले तरी मागं कुणीतरी हुंदका धरून उभं आहे असं वाटायचं. म्हणूनच बहुधा मी इतकी टवाळी करायचो.

आणीबाणी उठली त्या सुमारास त्यांच्या पलटणीतल्या एका जुन्या सोबत्यानं त्यांना मुंबईला बोलावून घेतलं. जादूचा एक पिक्चर निघत होता, राक्षस, परी, उडता घोडा, सगळा मसाला, आणि त्याच्या संगीतात मशक हवी होती. काका चार-पाच दिवस जाऊन आले. आल्यावर जिन्याशी उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं.

"भिंतीले गाद्या लावल्या होत्या गा. अन् काचेच्या मांगं सायेब. म्हणे, दगडाचं शहर हाये, राजाचे मेलेले शिपाई दगड होऊन उभे हायेत, अन् हिरो त्याहिच्यातून चालत जाते. म्हणे, असं वाजवा का मेला माणूस उठून पाहीन."

"मंग काय वाजवलं?"

"पलटणीत शिपाई मातीत ठेवताना वाजवतो ना, थे."

"उठला का कोनी?"

"पिक्चर येऊ दे. आयकून त पाहा, मंग बोल."

पिक्चर काही येईना. मुंबईत त्या लोकांची आपसात भांडणं लागली होती म्हणे. एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. गावाला गंमत झाली. कुणी म्हणे काका मुंबईला गेलेच नाहीत, नागपूरहून परत आले. कुणी म्हणे गेले, पण स्टुडिओच्या फाटकावरूनच हाकलले. माझ्या जिभेला तर हाडच नव्हतं. काका दिसले की मी वरून ओरडायचो, "उठले का हो शिपाई?"

मधल्या काळात त्यांच्या छातीत दमा बसला. सुरुवातीला कुणाला कळलं नाही. मग एका वरातीत, भर रस्त्यात, धून अर्ध्यावर असताना मशक रेकत रेकत हळूहळू बसत गेली. ते रेकणं ऐकून नवरदेवाचा घोडा बुजला. वरातीतले लोक ओरडायला लागले. काका खाली बसले, पिशवीवर हात फिरवला आणि म्हणाले, "फाटली वाटते." मी तिथंच होतो. काकूंनी दुसऱ्या दिवशी उन्हात ती पिशवी उलटसुलट तपासली, पाण्यात बुडवून पाहिली. कुठं टाचणीएवढंही भोक नव्हतं. तरी काकूंनी एके ठिकाणी चामड्याचा तुकडा लावून टाके घातले आणि सगळ्यांना सांगितलं की फाटली होती.

त्यानंतर मशक खुंटीला गेली. काका रोज संध्याकाळी टॉकीजपाशी यायचे. जिन्याच्या तीन पायऱ्या चढायचे आणि थांबायचे. एकदा असेच थांबले असताना, मी काही न विचारता म्हणाले, "माहा दम आता त्या पिक्चरमंधी हाये गा. इथं काही नाही उरला. एक डाव आयकला का झालं. लोकं हासते त्याचं काही नाही. मलेच आता वाटून राहिलं, का मी खरंच वाजवलं होतं का सपन पाहिलं."

त्या दिवशी मी हसलो नाही.

आणि एका उन्हाळ्यात तो पिक्चर आमच्याच टॉकीजला लागला. पोस्टरवर हिरवा राक्षस. काकांनी पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला सारा मोहल्ला आणला. इस्त्रीचा सदरा, पलटणीची टोपी. पुढच्या बाकांवर बँडवाले, मागं काकू आणि शेजारणी.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. पिक्चर लांब असला की मालकांचा हुकूम असायचा, एक रीळ गाळा, नाहीतर दुपारचा खेळ सहाच्या खेळावर चढतो. कुठलं गाळायचं ते ऑपरेटरनं ठरवायचं. गाणं नको, मारामारी नको, विनोदी नटही नको, असं रीळ शोधायचं. पब्लिकला पत्ता लागत नाही. मी सकाळीच फिल्म हातानं गुंडाळत उजेडाला धरून पाहिली. नवव्या रिळात नुसता धूर, पुतळे, आणि हिरो चालतोय, चालतोय. बिनकामाचं रीळ. मी ते फळीवर ठेवून दिलं, आणि एकदा गाळलेलं रीळ पुढच्या खेळांना तरी मी कशाला चढवतो!

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, दगडाचं शहर, दगडाचे शिपाई, हे तुला सांगितलं नव्हतं का त्यांनी? सांगितलं होतं. पण मी ऐकलं कधी होतं? मी तर पुढचा टोमणा शोधत होतो.

पिक्चर संपला. मशक आली नाही. दाराशी कुणीतरी बोललंच, "काका, तुमची मशक राक्षसानं खाल्ली का?" बँडवालेसुद्धा हसले. काकू पुढं निघून गेल्या. काका म्हणाले, "कान चुकला असंन माहा." दुसऱ्या दिवशी ते एकटे आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी, शेवटचा खेळ होता, खेळ सुटल्यावर जिन्याच्या तीन पायऱ्या चढून त्यांनी मला विचारलं, "आवाज त बारीक नाही ना केला मशीनचा?"

"मशीन ठीक हाये काका. तुमच्या सायबानंच काटलं असंन."

हे मीच म्हणालो. अगदी असंच, बिडी विझवता विझवता.

सकाळी पिक्चरच्या पेट्या बसच्या टपावर चढून पवनीच्या टॉकीजला गेल्या. दुपारी फळी झाडायला घेतली तर डबा तिथंच. नववं रीळ. ते पेटीत भरायचं मी विसरलो होतो. उगाच, काही काम नव्हतं म्हणून, ते मशीनवर चढवलं. हॉल रिकामा होता. पडद्यावर धूर आला, पुतळे आले, आणि मशक वाजायला लागली.

कसं सांगू तुम्हाला? बाहेर टिनावर भर उन्हाळ्याचं ऊन, आणि माझ्या अंगावर काटा. त्यात मुंबईचं काही नव्हतं. पन्नास व्हायोलिनवाले असतील, पण ते सगळे तिथं गप्प होते. एकटे काका वाजवत होते. दगडाचे शिपाई हलत नव्हते, पण ते ऐकतायत अशी माझी खात्री झाली. मी मशीन बंद केलं आणि उन्हात जाऊन उभा राहिलो.

तेव्हाच धावत त्यांच्या घरी जायचं होतं. गेलो नाही. एक आख्खं रीळ मागं राहिलं हे मालकांना कळलं तर नोकरी जाईल, असं स्वतःला बजावत राहिलो. खरं कारण ते नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगू, हे कारण होतं.

तिसऱ्या दिवशी काका स्टँडवर दिसले. पवनीच्या गाडीत चढत होते. एका हातात टोपी, दुसरा हात दाराच्या दांड्याला, आणि तिथंच धापा टाकत थांबलेले.

"कुठं काका?"

"पवनीले जाऊन राहिलो. थिथं लागला हाये ना. थिथलं मशीन मोठं हाये म्हणते."

समोर पानठेल्यावर मालक उभे होते. मी म्हणालो, "सांभाळून जाजा." एवढंच. गाडी निघाली. त्यांनी खिडकीतून हात केला. जे रीळ माझ्या फळीवर होतं ते पाहायला तो माणूस त्या उन्हात धक्के खात पवनीला गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी ते परतले. जिन्यापर्यंत आले, पण चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "थिथं बी नाही गा. तू बरोबर म्हणत होता. काटलं त्याहिनं." आणि हसले. ते हसणं मला अजून छळतं. मी "काका, थांबा" म्हणालो खरा, पण इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नाही.

त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. मी रोज ठरवत होतो, आज जातो. आठव्या दिवशी खरंच निघालो. वाटेत शब्द जुळवत होतो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर घरापुढं माणसं खाली माना घालून बसलेली. पहाटेच गेले होते. मी माणसांत जाऊन बसलो. बँडवाले आपसात बोलत होते, बिचारा त्या पिक्चरच्या नादानं गेला. मीही मान हलवली.

महिन्याभरात पिक्चर पाठवणाऱ्या कंपनीचं, ते रीळ परत मागणारं पत्र आलं. तेव्हा मी काकूंच्या घरी गेलो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं. रीळ गाळलं ते, मागं राहिलं ते, स्टँडवर गप्प बसलो ते. काकू तांदूळ निवडत होत्या. सूप थांबलं.

"त्याहिले काहून नाही सांगतलं गा?"

"हिंमत नाही झाली काकू."

"मरताना बी म्हणत होते," त्या म्हणाल्या, "सपनच होतं म्हणे माहं." मला वाटलं आता सूप अंगावर येणार. यायला हवं होतं. त्या फक्त उठल्या, हात धुतले, आणि म्हणाल्या, "चाल. लाव."

सकाळचे दहा असतील. मी दारं लावून घेतली. काकू मधल्या बाकाच्या कडेला, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकट्या बसल्या. मी वर जाऊन मशीन सुरू केलं आणि झरोक्यातून खाली पाहत राहिलो. धूर आला. दगडाचे शिपाई आले. धून सुरू व्हायच्या आधी एक खरखर झाली. पहिल्या वेळी मी तो फिल्मवरचा ओरखडा समजलो होतो. काकूंना मात्र तो ओरखडा वाटला नाही. मशक भरायला घेतलेला तो श्वास होता, लांब, छातीच्या तळापासून ओढलेला. सायबांनी तो तसाच राहू दिला होता.

तो श्वास ऐकताच काकूंनी पदर डोक्यावर ओढला, मोठ्या माणसानं घरात पाऊल टाकल्यावर ओढतात तसा. मग त्या बाकावर आत सरकल्या, आणि कडेची रिकामी झालेली जागा पदराच्या टोकानं पुसून घेतली.

मशक वाजत राहिली. रीळ संपलं, फिल्मचं टोक चाकाभोवती फटफट करत फिरायला लागलं, तरी मला दिवे लावायचा धीर झाला नाही.