न सांगितलेली खोड

कुंभार पिंपळगावच्या बाजारात बैल घ्यायचा असला की लोक आधी भुजंगरावांना गाठत. ट्रॅक्टरांनी बैलबाजार निम्मा गिळला, तरी त्यांची दलाली एका शब्दावर टिकून होती. ते विकणाऱ्याला विचारत, "खोड?" बैल मारका असो, बसका असो, लंगडा असो, ते तोंडाने सांगायचं. सांगितलेल्या खोडीचा बैलही ते विकून देत. खोड लपवणाऱ्याला मात्र पुन्हा दारात उभं करत नसत.

त्यांच्या लेकीला, अर्पिताला, गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचं होतं. जागा मिळाली, पाटी रंगवून झाली, घोडं अडलं ते कॉम्प्युटरपाशी. नवा झेपत नव्हता. जुना घ्यावा तर त्यातलं कोणाला कळतंय? पण भुजंगराव निश्चिंत होते. जुन्या जालन्यात भागवत होता ना! लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. आता त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. "डोळे झाकून घेऊन जा, घरचाच हाय," असं तो फोनवर म्हणाला होता.

बापलेक पोचले तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. अर्पिताने टाइप करून पाहिलं, प्रिंट काढली. पोरीचा चेहरा खुलला. भुजंगरावांनी आपली रीत म्हणून विचारलं, "खोड?"

"बिलकुल न्हाई. तुझ्यापासून काय लपवू? तुम्ही आलात म्हणून आत्ताच चालू केला."

भुजंगरावांनी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. डबा चांगलाच तापलेला होता. लंगडा बैल गिऱ्हाईक यायच्या आधी फिरवून आणतात. अंग तापलं की लंगडणं दिसत नाही. ही लबाडी भागवतला त्यांनीच दाखवली होती. तेव्हा भागवतच्या बापाच्या गळ्यात असाच एक बैल पडता पडता राहिला होता.

"भागवता, बंद कर. चहा पिऊ, मंग चालू कर."

"बंद कशाला? चांगला चालून राह्यला की!"

"बंद कर."

चहा झाला, पान झालं, डबा गार पडला. अर्पिताने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. भागवतने आधी वायरला दोष दिला, मग लाईटला. शेवटी म्हणाला, "गार झाला की जरा अडून बसतो. एकदा उठला की दिवसभर पळतो बराबर. बंदच करायचा न्हाई."

"अप्पा, घेऊन टाकू," अर्पिता हळूच म्हणाली. "मी बंदच करणार न्हाई."

"अन् गावातली लाईट तुझं ऐकती का?" भुजंगराव बोलले खरे, पण पोरीच्या तोंडाकडे बघवेना. रंगवलेली पाटी घरात भिंतीला टेकून उभी होती.

भागवतला तेवढ्यात धीर आला. "भुजंगा, धंदा हाय हा. खोड सांगितली असती तर घेतला असता का तू?"

भुजंगरावांना संतापापेक्षा लाजच जास्त वाटली, आणि तीही भागवतचीच.

"घेतला असता रे. तू सांगितली म्हणून घेतला असता."

डबा बांधायला आणलेली नवी दोरी काखेत मारून ते पायऱ्या उतरले. अर्पिता मागोमाग आली. आता कुठं जायचं, असं तिने विचारलं.

"कुण्या अनोळख्याकडं जाऊ," भुजंगराव म्हणाले. "त्यानं फसवलं तर नुसता कॉम्प्युटर जाईल."